खाड्यांसकट वाचायचं वर्ष

"सलाम. मी खडकीत राहते, वय 52. जूनमध्ये माझ्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता धरून चार पावलं टाकतात, पण बोलणं नाही. 'हो' म्हणायला जातात आणि 'नाही' निघतं, मग स्वतःवरच चिडून रडतात. मी बालवाडीतली नोकरी सोडली. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या मंडळीत 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत एकेक कुटुंब उभं राहून सरत्या वर्षाची साक्ष देतं. आमच्या घरातर्फे दरवर्षी हेच बोलायचे. क्वायरमध्ये 25 वर्षं बेस गायले, त्यांच्या आवाजाला माईक लागायचा नाही. या वर्षी मला उभं राहायचं आहे. सासूबाई रोज सांगतात, उपकार मोज, मन हलकं होईल. अमक्यांचा मुलगा तर गेलाच, आपला निदान डोळ्यांसमोर आहे. मी वही आणली. '1. जीव वाचला' एवढं लिहिलं आणि पुढे पेन चालेना. मला उपकार मानावेसे वाटतच नाहीत, राग येतो. परवा मुलीनं नाताळची गाणी लावली तर हे दोन ओळी चक्क गायले, आणि नंतर पाणी हवं का विचारलं तर एक शब्द नाही. हसावं की रडावं कळेना. आभार न मानणं हे पाप आहे का? खोटं बोलायला उभी राहू का? नाव छापू नये, ही विनंती."

ताई, सलाम.

खोटं बोलायला उभ्या राहू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण 31 तारीख जवळ आली आहे आणि या एका गोष्टीनं तुमची झोप उडालेली दिसते.

राग येतो म्हणता. येणारच. ज्या माणसाच्या आवाजाला माईक लागत नव्हता त्याला पाणी मागता येत नाही, हे रोज बघणाऱ्या बाईला राग आला नाही तरच नवल. आणि या रागाला पवित्र शास्त्रात जागा आहे, अगदी भजनांच्या पुस्तकात आहे. तेरावं स्तोत्र काढा. पहिल्या दोनच वचनांत "किती काळ?" हा प्रश्न चार वेळा येतो. देवालाच विचारलेला. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कुठे उजेड नाही की "तरीपण" नाही. ते तसंच ठेवलं, कुणी त्याला गोड शेवट जोडला नाही, आणि लोकांनी ते देवाच्या घरात गाण्यासाठी जपलं. तेव्हा तुम्ही रागावून देवाशी बोलता आहात म्हणजे विश्वास गेला असं समजू नका. अबोला धरला असतात तर मला जास्त काळजी वाटली असती.

आता पाप आहे का, या प्रश्नाबद्दल. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, लूकच्या सतराव्या अध्यायातली. प्रभूनं दहाही जणांना बरं केलं, आभार मानायला एक परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं प्रभूनं विचारलं. विचारलं खरं, पण त्या नऊ जणांचं कुष्ठ परत आलं असं कुठेही लिहिलेलं नाही. आभार मानायचे राहिले म्हणून दिलेलं काढून घेणारा तो नव्हे. एवढं मनात घट्ट धरा.

मला वाटतं, पेन अडतंय ते "उपकार" या शब्दापाशी. आपल्या भाषेत हा शब्द भारी जड आहे. उपकाराचं ओझं होतं, उपकार फेडावे लागतात, कुणाच्या उपकाराखाली दबून राहायला नको म्हणून आपण उसनी घेतलेली साखरसुद्धा वाटीला शीग लावून परत करतो. मग देवाचे उपकार मोजायला बसलं की मन आपोआप हिशेबाला बसतं: एवढं मिळालं, म्हणजे एवढ्याची तक्रार करायची नाही. जमेकडे जीव वाचला, खर्चाकडे वाचा गेली, आणि बाकी काढा. अशी वही कुणालाच लिहिता येणार नाही. एकशे सोळाव्या स्तोत्रात हाच प्रश्न आहे, परमेश्वराच्या एवढ्या उपकारांचा मी उतराई कसा होऊ? पुढच्या वचनात उत्तर आहे, आणि मला ते दर वेळी नव्यानं थांबवतं. फेडीचं नावच नाही. तो म्हणतो, मी तारणाचा प्याला हातात घेईन आणि परमेश्वराच्या नावानं हाक मारीन. उतराई व्हायचं तर काय करायचं, तर पुन्हा हात पुढे करायचा, पुन्हा मागायचं. हा कुठल्या सावकाराशी व्यवहार नाही, ताई. आईच्या ताटात हात घालण्यासारखं आहे.

सासूबाईंच्या "अमक्यांचा तर गेलाच" याबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे, कारण हे आपल्या मंडळ्यांमध्ये फार चालतं. सांत्वनाला येणारा प्रत्येक जण आपल्यापेक्षा दुःखी असं कुणीतरी सोबत घेऊन येतो. त्याच्याकडे बघ आणि समाधान मान. पण "मी त्याच्यासारखा नाही म्हणून तुझे आभार" ही प्रार्थना शुभवर्तमानात एकानं केलेली आहे, लूकच्या अठराव्या अध्यायात, मंदिरात उभं राहून. तो परूशी होता, धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच, दूर उभा राहून दया मागणारा जकातदार. शेजाऱ्याच्या कबरीवर पाय ठेवून आपली उंची मोजायची नसते. तुमच्या वहीत अमक्यांचा मुलगा नको.

पण सासूबाईंवर रागावू नका. तुमचे यजमान त्यांचे पोटचे आहेत. ज्या वयात मुलानं आपल्याला धरून चर्चला न्यायचं, त्या वयात त्या मुलाला धरून बाथरूमला नेताना बघतायत. "मोज, मोज" हे त्या तुम्हाला जेवढं सांगतात तेवढंच स्वतःलाही सांगत असतील. त्यांचं काम मी पुढे सांगते.

तुम्हाला कुणीतरी एक वचन दाखवलं असेलच: सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय पाच. मराठीतला तो प्रत्यय नीट वाचा. "स्थितीत" आहे, "स्थितीबद्दल" नाही. पक्षाघाताबद्दल आभार मान, असं तिथे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणत नाही. पक्षाघाताच्या घरातूनही देवाकडे तोंड कर, असं म्हणतो. यावर एखादे जाणकार इफिसकरांस पत्र उघडून "सर्व गोष्टींबद्दल" हे शब्दही दाखवतील. आहेत ते शब्द, मी झाकून ठेवणार नाही. पण हाच पौल फिलिप्पैकरांना आपल्या आजारी सोबत्याबद्दल, एपफ्रदीताबद्दल, काय लिहितो ते बघा. तो मरणाला टेकला होता, देवानं त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आजाराला त्यानं दुःखच म्हटलंय, गुपचूप आलेला आशीर्वाद म्हटलेलं नाही. आणि आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू स्वतः आधी रडला, मग बापाचे आभार मानले. योहानाच्या अकराव्या अध्यायात पस्तिसाव्या वचनात अश्रू आहेत, एकेचाळिसाव्यात आभार. मध्ये फक्त पाच वचनं, आणि त्यानं डोळे पुसल्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आता वहीचं सांगते. ती नवी वही कपाटात ठेवून द्या. कोरं पान हे दमलेल्या माणसासाठी नसतं.

आम्ही घोरपडीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो. दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळा, आणि खिळ्याला कालनिर्णय. आईची लेखणी म्हणजे दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. प्रत्येक चौकोनात दुधाचा रतीब: अर्धा, अर्धा, एक, अर्धा. गवळी आला नाही की बारीक फुली, तो खाडा. त्याच चौकोनात गॅस लागल्याची तारीख, कुणाचा बाप्तिस्मा, वडिलांची नाईट, रॉकेल. आमच्या घरात उपकार मोजायची वेगळी वही नव्हती. 31 डिसेंबरला संध्याकाळी, चर्चला निघायच्या आधी, आई ते कॅलेंडर खिळ्यावरून काढायची, जमिनीवर मांडी घालून बसायची आणि जानेवारीपासून एकेक चौकोन मोठ्यानं वाचायची. "सात तारखेला दूध एक लिटर. का बरं? हां, तुझी मावशी आली होती नगरहून." असं. प्रत्येक पान संपलं की वडील म्हणायचे, "येथवर." बस्स, एवढाच शब्द. शमुवेल संदेष्ट्यानं लढाई जिंकल्यावर धोंडा उभा करून म्हटलेला: येथवर परमेश्वरानं आम्हांला साहाय्य केलं आहे.

1981 च्या ऑगस्टमध्ये माझा धाकटा भाऊ कावीळ होऊन गेला. नऊ वर्षांचा होता. त्या वर्षी 31 डिसेंबरला आई कॅलेंडर काढणार नाही असं मला वाटलं होतं. तिनं काढलं. जुलै वाचला. ऑगस्ट उघडला आणि दहा तारखेपर्यंत वाचून थांबली. पुढे सगळ्या फुल्या होत्या, सलग चौदा खाडे. तिनं पानावर तळहात ठेवला, पालथा, आणि तसाच ठेवला. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर गाणी चालू होती. मला वाटलं आता ती कॅलेंडर मिटणार. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अकरापासून दूध बंद होतं. पण चहा होता. चौदा दिवस चहा होता आपल्याकडे." आणि मग आम्हा सगळ्यांना आठवलं. समोरच्या खोलीतल्या भाभी रोज सकाळी आणि संध्याकाळी पितळी किटलीत चहा आणून उंबऱ्यावर ठेवून जायच्या. आत येत नव्हत्या, काही बोलत नव्हत्या. चार महिने आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. आईनं पेन्सिल घेतली आणि त्या फुल्यांच्या खाली, बारीक अक्षरात, "चहा, भाभी" असं लिहिलं. फुल्या खोडल्या नाहीत. वडिलांना त्या पानाला "येथवर" म्हणता आलं नाही. आईनंही आग्रह केला नाही, पान उलटलं आणि सप्टेंबर वाचला.

माझ्या मनात ख्रिस्ती उपकारस्मरण म्हणजे ते पान आहे. चहाच्या बदल्यात भाऊ गेल्याचं दुःख तिनं कमी केलं नाही. तशी वजाबाकी तिला सुचलीही नसती. तिनं फक्त नाव लिहून ठेवलं.

पुढे मोठी झाल्यावर मी शमुवेलाचं पहिलं पुस्तक सलग वाचलं, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सातव्या अध्यायात तो ज्या धोंड्याला एबन-एजर म्हणजे साहाय्याचा धोंडा हे नाव देतो, ते नाव त्याच पुस्तकात आधी चौथ्या अध्यायात येऊन गेलंय. तिथे इस्राएलानं तळ दिला होता आणि तिथून ते सपाटून हरले, कराराचा कोशही, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटीही, शत्रूनं नेली. म्हणजे "येथवर" हा शब्द उच्चारला गेला तोच मुळी हरलेल्या लढाईचं नाव घेऊन.

तर ताई, तुमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढा. जून तिथे आहे. दवाखान्याच्या फेऱ्या असतील, फिजिओथेरपीवाल्यांचे खाडे असतील, गॅस लागल्याची तारीख असेल. सासूबाईंना शेजारी बसवा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या. त्यांना मोजायचंच आहे ना, मग डबा कुणी कुणी आणला ते त्यांना आठवू द्या. रिक्षा कुणी बोलावली, रात्री दवाखान्यात कोण बसलं, बालवाडीतल्या कुठल्या बाईंनी तुमचा पगार घरी आणून दिला. नाव आणि तारीख. जिथे फक्त खाडा आहे तिथे खाडाच राहू द्या, आणि जूनच्या पानाला "येथवर" म्हणवलं नाही तर म्हणू नका. यजमानांनाही जवळ बसवा. बोलता येत नसलं तरी त्यांना समजत नाही असं धरून चालू नका. "हो"च्या जागी "नाही" निघणं हे या आजारात पुष्कळांचं होतं, त्यात शब्द निसटतो, बुद्धी नव्हे. मान हलवून किंवा पानावर बोट ठेवून सांगू द्या.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही हसावं की रडावं म्हणून सोडून दिलंत. दोन ओळी गायले.

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवं अंग आणि बोलणं जातं. पण पाठ असलेलं गाणं, सूर, ताल यांचं काम बरंचसं उजव्या बाजूलाही चालतं, म्हणून ज्याला पाणी मागता येत नाही तो आख्खं कडवं म्हणू शकतो. हा योगायोग नाही, डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची गोष्ट आहे. 1973 मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या तज्ज्ञांनी याच धाग्यावरून सुरांतून बोलणं शिकवायची पद्धत बांधली. रोजची छोटी वाक्यं चालीवर म्हणायची, डाव्या हातानं ताल धरायचा, मग हळूहळू चाल काढून घ्यायची. सगळ्यांना सारखा गुण येतो असं नाही, आणि मी तुम्हाला आशेला लावत नाही. पण स्पीच थेरपिस्टकडे जा आणि हे दोन ओळींचं नक्की सांगा. अजून गेला नसाल तर जानेवारीची वाट बघू नका. पुण्यात मोठ्या रुग्णालयांत ही सोय मिळते. पंचवीस वर्षं बेस गायलेल्या माणसाच्या आत किती गाणी साठलेली असतील, विचार करा. ती आजारानं नेलेली नाहीत. हे मी तुम्हाला "बघा, उपकार" म्हणून दाखवत नाही. तुम्हीच लिहिलेलं तुम्हाला परत वाचून दाखवते आहे.

साक्षीबद्दल. साक्ष गोडच असावी असा समज कुठून आला कोण जाणे. पंडिता रमाबाईंनी 1907 मध्ये आपली साक्ष लिहिली, ती दुष्काळातल्या मरणांसकट. वडील, मग आई, मग थोरली बहीण, उपासमार, वणवण, सगळं त्यात आहे. विधवांसाठी काढलेलं शारदा सदन त्यांनी 1890 मध्ये आपल्या पुण्यात आणलं, दौंड लाईनवरचं केडगाव त्यांच्यामुळेच ख्रिस्ती जगाला माहीत झालं, पण साक्षीत त्या आधी आपली प्रेतं मोजतात. मंडळीसमोर उभं राहून दुःख सांगणं म्हणजे साक्ष बिघडवणं नव्हे. तुम्ही एवढं म्हटलंत तरी पुरे:

"जूनमध्ये ह्यांना पक्षाघात झाला. वर्ष अवघड गेलं, अजून अवघड आहे, आणि मला कधी कधी देवाचा राग येतो. या सहा महिन्यांत ज्यांनी आम्हाला हात दिला त्यांची नावं मी वाचते." आणि कॅलेंडरवरून उतरवलेली नावं वाचा, आडनावांसकट. त्यात शेजारचे हिंदू, मुसलमान कुणी असतील तर त्यांचीही. शेवटी वाटलं तर "येथवर" म्हणा. घसा दाटला तर बसा.

तेही होणार नाही असं वाटलं, तर उभ्याच राहू नका. पाळकसाहेबांना आठवड्याआधी फोन करून सांगा की या वर्षी आमच्यातर्फे दुसऱ्या कुणीतरी बोलावं. यात कमीपणा नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती आठवा. चौघांनी उचलून आणला, छप्पर काढून खाली सोडला. प्रभूनं त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरच्या माणसाच्या तोंडी तर त्या गोष्टीत एक शब्दही नाही. कधी खाटेचा कोपरा धरायचा, कधी खाटेवर असायचं. पंचवीस वर्षं तुमच्या घरानं गाऊन इतरांना उचललं. या वर्षी मंडळीनं तुम्हाला उचलावं, आणि फक्त 31 तारखेला नाही. पाळकसाहेबांना हेही सांगा की आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी यजमानांजवळ बसायला हवं. नेमकं मागितलं की लोक येतात. "काही लागलं तर सांगा" यावर कुणी येत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि एक. झोप लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, सकाळी उठून दिवस नकोसा वाटत असेल तर तुमच्या स्वतःच्या तब्येतीसाठी डॉक्टरांना भेटा. सेवा करणारं माणूस आतून खचतं, त्याला औषध असतं. ते घेतल्यानं प्रार्थनेचा अपमान होत नाही.

त्या रात्री जरा लवकर निघा. कॅम्पाच्या बाजूला जायचं असेल तर दहाच्या पुढे रस्ते भरलेले असतात, रिक्षा मिळणं मुश्कील होतं. यजमानांना कडेच्या बाकावर बसवू नका, क्वायरच्या शेजारी बसवा, बेसवाल्यांच्या अगदी लगत. गायनाचं पुस्तक त्यांच्या डाव्या हातात द्या. कानटोपी आणि शाल घ्या, डिसेंबरच्या शेवटी खडकीची थंडी रात्री फार झोंबते.